नाहीबुवांची सही

आमच्या ह्यांना सगळा किनारा 'नाहीबुवा' म्हणतो. तीस वर्षं संग्रहालयात जीवाश्म साफ केले, आणि निवृत्त झाल्यापासून समुद्रावर दगड सापडला की जो तो आमच्याच दारात. अंड्यासारखा गोटा आणला की हे म्हणणार, "नाही, चिखल घट्ट झालाय." दगडात काळी पानं दिसली की, "नाही, खनिजाचा डाग." पांढरा साप? "नाही, फटीत भरलेली गारगोटी." समोरचा हिरमुसला तरी ह्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मी म्हणायचे, अहो, निदान चहा संपेपर्यंत तरी त्याला सुखात राहू द्या!

यंदा मात्र त्या 'नाही'नं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. मागचा कडा फोडून बंदर करायचं ठरलं. कड्याखालची बारा घरं जाणार, त्यात आमचंही. कचेरीतले साहेब म्हणाले, कड्यात एक जरी खरा जीवाश्म निघाला तर काम थांबवू. नाहीबुवांची सही आणा, बास. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत. दोन महिने बारा घरांतली माणसं कडा कोरत होती, आणि हे एकेक दगड हातात घेऊन नाही, नाही, नाही. टाकलेल्या दगडांचा अंगणात ढीग झाला. सोमवारी खडीवाल्यांचा ट्रक तो भरून घेऊन गेला.

शुक्रवारी सकाळी शेजारची जाळीवाली आली. जाळी विणून कापलेल्या हातांत पाटीसारखा पातळ दगड. ह्यांनी भिंग डोळ्याला लावलं, मग दगड जिभेला लावला. जुनं हाड जिभेला चिकटतं म्हणे. "नाही."

"दादा, नीट बघा हो!" तिला रडूच फुटलं. "सासूला घेऊन कुठे जाऊ मी? कूससुद्धा बदलता येत नाही तिला." दगड टेबलावर तसाच टाकून ती निघून गेली.

माझं डोकंच फिरलं. "एकदा, अहो एकदाच हो म्हणा! काय आभाळ कोसळणार आहे?"

"खोटी सही करणार नाही," हे म्हणाले आणि भिंग खिशात ठेवायला लागले. तेव्हा मला दिसलं. भिंगाचं झाकण मिटलेलंच होतं.

फडताळातला एक दगड काढून मी ह्यांच्या हातात दिला. "हा तिचाच दुसरा. बघा."

उलटसुलट केला, मिटलेलं भिंग लावलं. "नाही. नुसता दगड."

तो आमच्या लग्नाच्या वर्षी ह्यांना सापडलेला माशाचा ठसा होता. वर्षानुवर्षं दर रविवारी ब्रशने पुसायचे.

"कधीपासून दिसत नाही?"

"वर्ष झालं. साखरेच्या आजारानं बोटंही बधिर केलीत."

म्हणून पेपर मला वाचायला लावत होते! "मग तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"वाटलं, नाही म्हटलं की निदान खोटी सही तरी होणार नाही."

आणि तो ढीग? ट्रकभर दगड! त्यात खरा होता की नव्हता, आता कोण सांगणार? इतका राग आला होता की काहीतरी फेकून मारलं असतं. पण हे खुर्चीत मान खाली घालून बसले होते आणि खांदे हलत होते.

अकरा वाजले. "तू बघ," हे म्हणाले. "मी विचारतो."

जाळीवालीचा दगड घेतला, भिंग उघडलं.

"मधे कणा दिसतो?"

रेघ होती. "दिसतो."

"फासळ्या सारख्या अंतरावर?"

"हो, बऱ्यापैकी."

"आता नीट बघून सांग. कण्याच्या दोन्ही बाजूंना आहेत? एकाच बाजूला असतील तर त्या दगडाच्या चिरा, मासा नव्हे."

एकाच बाजूला होत्या. दुसरी बाजू कोरी. मी दगड उजेडात धरला, पुसला, पुन्हा पाहिला. कोरीच. खिडकीतून जाळीवालीचं दार दिसत होतं. ती सासूची गादी गुंडाळत होती.

"दोन्ही बाजूंना," मी म्हणाले.

ह्यांनी माझा हात गच्च धरला. "मग हो! अगं हो, मासाच आहे! कागद आण, कुठे करायची सही?"

ह्यांचं बोट धरून मी कागदावर टेकवलं. एवढं मोठं नाव, सावकाश, पुरं लिहिलं ह्यांनी. मग दगडावरून हात फिरवत विचारलं, "फार सुंदर आहे का गं?"

"फार," मी म्हणाले.