वकीलबाईंच्या घुगऱ्या

२०१९ साल होते आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तिवस्याजवळचे वावर धाकट्याच्या हवाली करून मी अमरावतीत थोरल्याकडे राहायला आलो, आणि त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरात वकीलबाई आल्या. मूळच्या अकोल्याच्या, जुन्या शहरातल्या. लग्न केले नाही, वकिली केली, आणि वकिली सोडल्यावरही ती त्यांना सुटली नाही. दूधवाला म्हणाला, दूध म्हशीचे आहे. बाई म्हणाल्या, "पुरावा?" तो गडी इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी म्हैसच दारात आणून उभी केली. बाईंनी चष्मा लावून म्हैस पाहिली. "ही म्हैस आहे, हे मान्य. दूध हिचंच आहे, हे कुठं सिद्ध झालं?"

माझी शाळा तिसरीत संपली. पण रीतभात मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून चैत्रातल्या एका दुपारी बाईंनी कंपाउंडच्या भिंतीवरून वाडगे पुढे केले, तेव्हा मी आत डोकावून लगेच ओळखले. शिजवलेली अख्खी ज्वारी. म्हणजे घुगऱ्या. म्हणजे बारसे. त्यात टरबुजाच्या फोडी, काकडी, कैरी आणि पुदिनाही होता. पण म्हटले, शहर आहे, इथे घुगऱ्यांतही टरबूज घालत असतील. सूनबाई कामावर गेलेली, विचारणार कोणाला? डोक्यावर टोपी ठेवली, चौकातून झबले-टोपडे घेतले आणि बाईंच्या दारात उभा राहिलो.

"कोणाचं बारसं हाय जी?"

बाईंनी आधी झबले पाहिले, मग मला पाहिले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. "भाऊसाहेब, या घरात पाळणा हलायचा तर आधी कायदा बदलावा लागेल. ते सॅलड आहे. उन्हाळ्यात पोटाला थंड."

झबले मी परत मागितले, पण बाईंनी दिले नाही. "मुद्देमाल जप्त," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून वाडग्यावर माशी बसू नये म्हणून ते टोपडे उलटे घालून वाडगे भिंतीवर येऊ लागले. आल्यागेल्याला बाई त्या टोपड्याची हकीकत सांगायच्या. एवढी फजिती झाल्यावर मी ते खाणार होतो थोडाच? मी तोंडावर सांगून टाकले, "ज्वारी भाकरीची अन् टरबूज वावरातल्या धुऱ्यावर बसून खायाचं. दोघायले एका ताटात बसवलं, हे आपल्याले पटत नाही. हा ढोराचा चारा हाय."

"हरकत नोंदवली," बाई म्हणाल्या, आणि वाडगे पाठवतच राहिल्या. रोज चार वाजता त्या भिंतीपलीकडे खुर्ची टाकून आपले खायच्या, मी अलीकडे माझे वाडगे मांडीवर घेऊन बसायचो. त्या आत गेल्या की गल्लीतल्या कपिली गायीपुढे ठेवायचो. वाटले, बाईंना काही पत्ता नाही. आठेक दिवसांनी त्या म्हणाल्या, "काल गायीचा जबाब घेतला. तिला आवडतंय. कैरीबद्दल तिची तक्रार आहे."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. मोडले काही नाही, पण पुण्याहून भाचा धावत आला. माणूस चांगला, पण त्याने ठरवूनच टाकलेले, मावशीला पुण्याला न्यायचे आणि घराला कुलूप लावायचे. सूनबाई आणि मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांचे तेच चालले होते.

"मावशी, तू एकटी राहतेस. मुद्दा एवढाच आहे."

"एकटी कुठं? हे भाऊसाहेब रोज चार वाजता माझ्यासोबत सॅलड खातात. साक्षीदार हजर आहे, विचार."

बोलणे नेहमीसारखेच कडक होते. पण त्यांचा हात पदराचे टोक सारखे चोळत होता. वकिलाचा नसलेला तो हात मी पहिल्यांदाच पाहिला.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. "खरंच खाता, काका?"

"रोज."

"आवडतं?"

"टरबूज पह्यले संपते. मंग ज्वारी. कैरी तेवढी बाजूले काढून ठेवते."

"ठेवते? कोण?"

मी मागे वळून पाहिले. "माही सून," म्हटले. सूनबाई माझ्या मागेच उभी होती. घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही, ते वेगळे.

भाचा काही मूर्ख नव्हता. आतून वाडगे आणून त्याने माझ्या हातात दिले. मी बाईंकडे पाहिले. बाई छताकडे पाहत होत्या. मग मी खाल्ले, कैरीसकट, तळाचे पाणीसुद्धा प्यालो. ज्वारीचा दाणा दाताखाली फुटायचा, तोवर टरबूज विरघळून गेलेले असायचे, आणि मागून कैरी कान पिळायची. वाडगे पालथे करून दाखवले. भाचा हसला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला.

"खोटी साक्ष द्याले लावली तुमी मले," मी भिंतीवरून म्हणालो.

"मग खरी करून टाका की," बाई म्हणाल्या. "उद्यापासून रोज खा."

रोज खाल्ले. कितीतरी उन्हाळे खाल्ले. ज्वारी कधी मऊ झाली, मीठ कधी कमी पडले, सगळे मी तोंडावर सांगितले. चांगले झाले असे मात्र एकदाही म्हणालो नाही. बाई खोदून विचारायच्या, तर म्हणायचो, "कोर्टाबाहेर आपण बोलत नसतो." त्यावर त्या खूश व्हायच्या. "साक्षीदार फुटत नाही," म्हणायच्या.

यंदा चैत्रात बाई झोपेतच गेल्या. आपल्या घरात, आपल्या पलंगावर. सगळे आटोपल्यावर भाच्याने घराला कुलूप लावले आणि मला विचारले, "काका, आठवण म्हणून काही हवं का?" मी म्हणालो, "माहा मुद्देमाल वापस दे." त्याला कळले नाही. भिंतीवर वाळत असलेले टोपडे मी स्वतःच उचलले आणि घरी येऊन ज्वारी भिजत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती शिजवली. जरा कच्चीच राहिली. टरबूज, काकडी, कैरी चिरली, वर पुदिना टाकला, टोपडे घातले आणि वाडगे भिंतीवर ठेवले. चार वाजेपर्यंत थांबायला जमले नाही. अर्धे मी खाल्ले, अर्धे कपिलीपुढे ठेवले. तिने सगळे संपवले, कैरी तेवढी बाजूला काढली. ती मी धुऊन खाल्ली.