बंद कंपनीसमोरचा पार

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये मी साड्यांना फॉल-पिको करते. संध्याकाळी कात्रपला घरी येताना मध्येच अंबरनाथला उतरायचे आणि एका बंद पडलेल्या कंपनीच्या गेटसमोर वडाच्या पारावर जाऊन बसायचे. कशाला? कशालाच नाही. डोक्यातली मशीनची घरघर हळूहळू विरायची. पानांतून उन्हं खाली उतरायची, मांडीवर हलत राहायची. कधी मी चामटोलीला माहेरी पेंढ्याच्या उडवीवर लोळत असायचे, कधी कुठेच नसायचे. कुणाची आई नाही, कुणाची बायको नाही. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

मग लेकीनं घरातल्या सगळ्यांचे फोन जोडून दिले. कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं. काळजी वाटते गं, म्हणाली. मीही हौसेनं हो म्हटलं. पुण्यात तिचा ठिपका हॉस्टेलवर पोचलेला दिसला की मलाच शांत झोप लागायची.

थोड्याच दिवसांत ह्यांनी विचारलं, त्या बंद कंपनीपाशी रोज काय असतं? आता काय सांगणार, कप्पाळ? काही नसतं म्हटलं, तर आणखीच काळजीत पडले. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी पारावर हजर, हातात गरम भजी. शेजारी बसून सोसायटीच्या टाकीबद्दल बोलत राहिले. संशयानं आले असते तर मी भांडले तरी असते. एवढ्या मायेनं आलेल्या माणसाला ऊठ कसं म्हणायचं? भजी खाताना मला रडू येत होतं.

"एकटी कशाला बसतेस? आता रोज येत जाईन मी," ते म्हणाले.

हल्ली मी दुपारच्या सुट्टीत जाते, फोन दुकानात ठेवून. आमची सिंधी मालकीण हसते, म्हणते, जा, तेरा फोन ड्यूटी करेगा. पार तोच आहे, सावली तीच आहे. पण रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसलं की मी तोंडावर पदर ओढते. चोराच्या मनात चांदणं. डोळे मिटले तरी चामटोली येत नाही.

परवा जेवताना हे खुशीत म्हणाले, "आता सरळ घरी येतेस. ते बसणं सुटलं ना तुझं?"

मी हो म्हटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही कशासाठी, तर नुसतं बसण्यासाठी.