ऑपरेशनआधीची दही-साखर

आमच्या परतूरच्या धान्याच्या मोंढ्यात पोती वाहणाऱ्या एका हमालाला हर्निया झाला. वर्गणी काढून मी त्याला जालन्याला ऑपरेशनसाठी आणलं. उपाशीपोटीच या, नाहीतर भुलीत माणूस दगावतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत नेण्याची वेळ आली आणि मला त्याच्या मिशीवर वाळलेलं दही दिसलं.

"काय खाल्लंस रे?"

"निघताना बायकोनं दही-साखर देली. वर अर्धी भाकर. चांगल्या कामाला न्हाई कसं म्हणू?"

"अरे, जीव जाईल ना!"

त्यानं माझा हात घट्ट धरला. "सांगू नका, भाऊ. आज परत धाडलं तर लोक पुन्हा वर्गणी देनार न्हाईत."

दार उघडलं. डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

"नाही," मी म्हणालो.

त्यानं माझा हात सोडला.