मरीआईपुढचा मंगळवार

लग्नानंतरच्या पहिल्या चार वर्षांत नवऱ्याने मला मारलं नाही असा एकही आठवडा मला आठवत नाही. शिंदी प्यायला की हात, प्यायला मिळाली नाही की लाथ. पहिलं बाळ सहाव्या महिन्यात त्याच्या लाथेने गेलं. शुद्धीवर आल्यावर तो रडला, आणि रडून घसा कोरडा पडला म्हणून पुन्हा शिंदीखान्यात गेला. राज्य निजामाचं, शिंदीखाना गुत्तेदाराचा, पाठ तेवढी माझी.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, हे मूल जगलं पाहिजे. मग तो जगो नाहीतर मरो.

शेजारणीच्या नवऱ्याने दारू सोडली होती. विहिरीवर मी तिला विचारलं, त्याला कोणतं औषध दिलंस. ती म्हणाली, "औषध न्हाय बाई. तुझ्या मालकाला मंगळवारी तेर गावाला धाड. नदीकाठी मरीआईच्या देवळाम्होरं पिणारे जमतेत. आमचं मालक नेतील त्यांला."

माझा नवरा माणसाला भीत नसे, पण मरीआईला भीत असे. त्याची आई पटकीच्या साथीत गेली होती, आणि पटकी म्हणजे मरीआईचा कोप. म्हणून तो गेला. मीही मागोमाग गेले आणि लिंबाखाली जाऊन बसले, कारण त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

तिथं एक म्हातारा पोतराज होता, एके काळी स्वतःच पिऊन पालथा पडणारा. त्याच्या हातचं पाणी न पिणारे शेतकरी आणि दुकानदार त्याच्यापुढे मांडी घालून बसत. दिवस रझाकारांचे, चार माणसं जमली की पोलीस हटकत, पण देवीपुढे जमलेल्यांना कुणी विचारत नसे. तिथली रीत अशी, की आठवड्यात ज्याने घेतली असेल त्याने उठून तसं सांगायचं. मग म्हातारा आसूड उचलायचा आणि त्या माणसाच्या नावाने स्वतःच्या पाठीवर ओढायचा. गावावरचा कोप आपल्या अंगावर घेणं हे पोतराजाचं कामच. रक्त यायचं. आपल्यापायी म्हाताऱ्याचं कातडं सोलतंय हे बघून काहींनी खरंच सोडली. शेजारणीचा नवरा त्यातलाच.

माझा नवरा वेगळ्या मातीचा. पहिल्या मंगळवारी तो रडला. दुसऱ्या मंगळवारी म्हातारा त्याच्या नावाने ओढत असताना नुसता बसून राहिला आणि घरी येताना म्हणाला, "फिटलं. माझ्या नावाचं कोरडं त्यानं पाठीवर खाल्लं, आता देवीचं अन् माझं काय ऱ्हायलं न्हाय." नवस फेडावा तसं त्याला ते वाटलं. मग सोमवारी पोटभर पिणं, मला तुडवणं, आणि मंगळवारी म्हाताऱ्याच्या पाठीवर सगळं फेडून मोकळं होणं, असा त्याचा नेमच बसला. पूर्वी मारल्यावर निदान मान खाली असायची. आता तीही गेली.

पाचवा महिना लागला होता. त्या सोमवारी त्याने चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. मी पोट धरून भिंतीकडे तोंड केलं आणि त्याला पाठ दिली. दुसऱ्या दिवशी तो देवळापुढे उठला, "म्या प्यालो," म्हणाला आणि खाली बसला. म्हाताऱ्याने आसूड उचलला.

माझं डोकं फिरलं. मी लिंबाखालून उठले, पुरुषांच्या पुढ्यात गेले आणि त्यांच्याकडे पाठ केली. भाजल्यामुळे चोळी घालवतच नव्हती. अंगाभोवती पदर लपेटला होता, तो पाठीवरून खाली सोडला.

"बाबा, ह्याच्या नावाचं म्या कालच खाल्लंय," मी म्हणाले. "तुमी कशापायी खाता?"

 म्हाताऱ्याने आसूड माझ्या नवऱ्यापुढे टाकला. "घरी मारतूस तसं मार," तो म्हणाला. "आज शुद्धीत हाईस. आमी बघतो."

मला वाटलं, हा मारेल. आसूड उचलल्याचं मला ऐकू आलं. मी दोन्ही हात पोटावर घेतले आणि मनातल्या मनात म्हाताऱ्याला, देवीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. सपकन आवाज झाला. माझ्या अंगावर काही आलं नाही. वळून पाहिलं तर नवरा भुवई धरून वाकला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. म्हाताऱ्यासारखा स्वतःच्या पाठीवर ओढायला गेला, पण ती कला त्याला कुठली. टोक फिरून तोंडावर बसलं. त्याने आसूड पुन्हा उचलला, पुन्हा ओढला. म्हाताऱ्याने त्याचा हात लगेच धरला नाही. मीही धरला नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पुढच्या मंगळवारी माझ्यासोबत शेजारीण आली, आणखीही काही बायका आल्या. आम्ही पदर नीट घेऊन, पुरुषांकडे पाठ करून ओळीने बसलो. त्या दिवशी आसूड देवीपुढेच पडून राहिला. ज्याला बोलायचं त्याने आपल्या बायकोच्या पाठीकडे बघून बोलायचं, असं कुणी न सांगता झालं.

माझ्या नवऱ्याची पाळी आली. माझ्या पाठीमागे तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "ह्या आठवड्यात घेतली न्हाय. हातबी उचलला न्हाय."

ते खरं होतं. तरी मी वळले नाही, इतकं माझं मन मऊ झालं नव्हतं. तेवढ्यात पोटात बाळाने लाथ मारली. त्या आठवड्यात मला बसलेली लाथ तेवढीच.