मोजलंय तेवढंच

साकीनाक्याच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या समोर बसतो. विजेऐवजी प्रकाशावर चालणाऱ्या चिपचे सुटे भाग मोजायचे, त्यांची गणिती मॉडेल्स करायची आणि त्या मॉडेल्सचा संच, म्हणजे लायब्ररी, डिझायनर लोकांना पाठवायची, हे आमचं काम. त्यावर त्यांना चिप बनवण्याआधीच कॉम्प्युटरवर सर्किट चालवून बघता येतं. प्रत्येक मॉडेलखाली तो लिहितो, "वीस ते साठ डिग्री तापमानात मोजलंय. पुढचं माहीत नाही."

साहेब म्हणतात, "अरे, अंदाजाने ऐंशी लिही ना."

"तुम्ही लिहा. खाली सही पण करा."

साहेब चहाला जातात.

चूक सापडली की नुसत्या मेलवर त्याचं भागत नाही. जुनी लायब्ररी नेलेल्या प्रत्येकाला तो स्वतः फोन करतो.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या आईने मुलुंडहून चौकशीला नेमका त्यालाच फोन लावला. मी समोरच बसले होते.

"चार वर्षं बघतोय काकू, दहा ते सात. कामाला चोख आहे. चिडलेली पाहिली नाही. सातनंतरचं माहीत नाही."

म्हटलं, वाट लागली. पण त्या नंतर म्हणाल्या, एवढं खरं बोलणारा पहिलाच भेटला. लग्न झालं.

गेल्या मंगळवारी साहेबांनी मला न विचारता माझ्या मॉडेलमधले आकडे बदलले. मी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल एवढी ओरडले. डबाही आपटला. तो शांतपणे बघत होता. मग त्याने मोबाइल उचलला.

"नमस्कार काकू. त्या चौकशीत एक दुरुस्ती आहे."