डाग नसलेली प्रत

"त्या घरात दर शनिवारी मारामारी होते, पण भांडण म्हणून कधी ऐकू येत नाही," असं इमारतीतले लोक म्हणत. म्हणण्यात खवचटपणा कमी आणि कौतुक जास्त असे. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांतून शनिवारी दुपारी काचा फुटल्याचे, गाड्या उलटल्याचे, ठोशावर ठोसे बसल्याचे आवाज येत. खाली राहणारे शिंपीकाका मशीन थांबवून छताकडे पाहत आणि दचकलेल्या गिऱ्हाइकाला सांगत, "घाबरू नका. आमचे भिंगवाले कामाला बसलेत."

भिंगवाल्यांच्या शर्टाच्या खिशात सदैव एक भिंग असे, म्हणून हे नाव पडलं होतं. शिंपीकाकांनी शिवून दिलेल्या शर्टाची शिवण त्यांनी एकदा त्या भिंगातून पाहिली; तेव्हापासून काका त्यांचे कपडे दोनदा शिवत. सिनेमे घरी पाहण्यासाठी कॅसेटवर आणि पुढे डिस्कवर आणणाऱ्या एका कंपनीत ते तपासनीस होते. प्रत बाजारात जाण्यापूर्वी तिच्यातले दोष शोधायचे आणि त्यांची यादी करायची, हे त्यांचं काम. ओरखडा, धुळीचा कण, उतरलेला रंग, ओठांच्या मागे रेंगाळणारा आवाज, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

प्रत्येक प्रत ते तीनदा पाहत. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसता आवाज ऐकत. तिसऱ्यांदा मात्र ती प्रत ते घरी आणत आणि जुन्या टीव्हीवर, चहाचा कप हातात घेऊन, थोरल्या भावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, सोबतीने पाहत. ते म्हणत, "दोन वेळा नोकरासारखं पाहिलं, एकदा तरी माणसासारखं पाहावं." तिसऱ्या वेळेनंतरच दोषांची यादी कार्यालयात जाई. एकतीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला.

शनिवारी घरात येणाऱ्या प्रती बहुधा मारधाडपटांच्या असत, आणि त्यांत सहा भागांची एक मालिका या घराला विशेष जवळची होती. भिंगवाल्यांचा थोरला भाऊ, त्यांचा दादा, त्या मालिकेच्या नायकाचा डुप्लिकेट होता. हसायचं नायकाने तोंडभरून आणि पडायचं दादाने पाठीवर, अशी ती वाटणी. लाखो लोकांनी दादाला पाहिलं होतं, पण पाठमोरं, नाहीतर धुरात, नाहीतर हेल्मेटच्या आत. नावांच्या पाटीत त्याचं नाव कधी आलं नाही. वहिनी त्याला चिडवत, "अहो, तुमच्या कामाला हातपाय आहेत, नुसतं तोंड तेवढं नाही."

त्यावर एकदा जेवताना दादा म्हणाला, "तोंड आहे. एकदा पडता पडता मी कॅमेऱ्याकडे बघितलंय. मुद्दाम. कुणाला पत्ता लागला नाही."

"कुठल्या भागात?" वहिनींनी विचारलं.

"ते शोधू दे की आपल्या भिंगवाल्याला. पगार कशाचा घेतो मग?" असं म्हणून दादाने जीभ गालात दाबली. खोडी केली की तो असाच करी. गालात बोर धरल्यासारखा फुगवटा येई आणि डोळे साळसूदपणे दुसरीकडे बघत.

पाचव्या भागाच्या चित्रीकरणात तो छपरावरून पडला, तो नीट उभा राहिलाच नाही. तीन वर्षं अंथरुणावर काढली. त्या तीन वर्षांत वहिनींनी अनेकदा विचारलं, "आता तरी सांगा, कुठे बघितलंत?" दादा शेवटपर्यंत गालात जीभ दाबत राहिला. शेवटी शेवटी तेवढीच एक हालचाल त्याला जमत होती. मग तीही थांबली.

वहिनींपाशी दादाचे फोटो होते. लग्नातले, सहलीतले, ओळखपत्राचे. पण कामावरचा दादा त्यांच्यापाशी नव्हता. ज्या कामाने तो गेला, ते काम करताना तो कसा दिसत होता, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दुसरं त्यांनी कधी काही मागितलं नाही.

वहिनी आणि भिंगवाले, दोघांनी शोध घेतला. कॅसेटच्या काळात तिसऱ्या भागातली पुलावरची उडी त्यांनी इतक्या वेळा मागेपुढे केली की फितीला सुरकुत्या पडल्या. हेल्मेट वळतं तिथे काचेमागे काहीतरी उजळ, पुसट दिसे. "हेच असणार," असं त्यांचं एकमत झालं. पुढे डिस्क आली, तर त्या उजळ जागेचे चौकोन चौकोन झाले. नंतर कुणा हुशार माणसाने जुन्या फिल्मचा रवाळपणा घालवण्याच्या नादात सहाही भाग असे घासून काढले की सगळ्यांचे चेहरे मेणाचे दिसू लागले. खुद्द नायक दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा दिसत होता. वहिनी म्हणाल्या, "हे लोक माणसं धुतात की भांडी?"

आणि मग, भिंगवाल्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना, कंपनीने मूळ निगेटिव्हवरून सहाही भाग नव्याने काढायचं ठरवलं. पहिल्याच नमुन्यात गर्दीतल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. त्या संध्याकाळी भिंगवाले घरी आले ते जिना चढता चढताच म्हणाले, "वहिनी, आता दिसणार."

भाग तपासणीला क्रमाने आले नाहीत. तिसरा आधी आला. पुलावरची उडी आली. पुलाचे रिव्हेट स्वच्छ दिसत होते, हातमोज्याचे टाके दिसत होते. हेल्मेट वळलं. काचेवर ऊन पडलं होतं, नुसतं ऊन. त्यामागे चेहरा नव्हताच. वीस वर्षं दोघं उन्हाकडे पाहत आले होते. शनिवारी घरी वहिनींनीही ते पाहिलं. "ऊन होतं तर," एवढंच बोलून त्या कप उचलून आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात दुसरा भाग आला. भिंगवाल्यांचं मन आता त्या मालिकेतून उठलं होतं. पण नजर कामाची होती, ती आपोआप चालत राहिली. गाड्यांच्या दुकानात नायकाला काचेच्या दारातून बाहेर फेकतात, असा एक किरकोळ प्रसंग त्या भागात आहे. ते दार चित्राच्या अगदी डाव्या कडेला. पूर्वीच्या प्रतींत चित्र टीव्हीच्या चौकटीत मावावं म्हणून दोन्ही कडा छाटत, आणि घासलेल्या प्रतीत कडा परत आल्या तरी तिथे मेणाचा गोळाच होता; त्यामुळे तिथे कुणी कधी लक्ष दिलं नव्हतं. भिंगवाल्यांनी चित्र थांबवलं. काच फुटतानाच्या अकरा फ्रेममध्ये पडणाऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे होता. केसांचा टोप, रंगवलेली मिशी, वय पंचविशीचं. त्यांच्या मनातला दादा अंथरुणावरचा, गाल बसलेला, केस विरळ झालेला; हा त्यांना दुसराच कुणी वाटला. त्यांनी यादीत नेहमीच्या अक्षरात लिहिलं: "बावन्न मिनिटं सात सेकंद. चेहरा नायकाचा नाही. गाल सुजलेला. बदलावा."

आवाज तपासून त्यांनी त्याच संध्याकाळी, शुक्रवारी, यादी देऊन टाकली. तिसऱ्यांदा पाहण्यासारखं आता राहिलंच काय, असं त्यांना वाटलं. तरी तपासणी प्रत पिशवीत पडली. हाताला सवय होती.

शनिवारी दुपारी टीव्ही सुरू होता. वहिनी पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काच फुटल्याचा आवाज झाला म्हणून त्यांनी मान वळवली.

"भाऊजी, थांबवा!"

"काय झालं?"

"मागे घ्या. अजून थोडं. हां." हातातला टॉवेल तसाच धरून त्या टीव्हीजवळ गेल्या, पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. गाल बघा. जीभ दाबलीय मेल्याने!"

दादा काचेच्या तुकड्यांमधून त्या दोघांकडे बघत होता, साळसूद चेहऱ्याने.

वहिनी हसत होत्या, मग रडत होत्या, मग दोन्ही. त्यांनी खिडकीतून खाली हाक मारली, "शिंपीकाका, मशीन बंद करा आणि वर या. आमचे हे सापडलेत." काका धापा टाकत आले, चष्मा पुसून पुढे वाकले आणि म्हणाले, "अरे लबाडा! मरतामरता आपल्यालाच हसतोय की हा!"

"मरतामरता नाही हो," वहिनी म्हणाल्या, "पोट भरताना."

भिंगवाले खुर्चीत बसून होते. हातातल्या चहावर साय धरली होती. शुक्रवारी लिहिलेली ओळ त्यांना अक्षर न् अक्षर आठवत होती.

सोमवारी ते कार्यालय उघडण्याआधी दारात उभे होते. विभागप्रमुख बाई त्यांच्याच हाताखाली शिकून वर गेलेल्या. त्या म्हणाल्या, "काका, तुमची यादी आली की मी ती दुसऱ्यांदा वाचतसुद्धा नाही. शनिवारीच बदल करून घेतला." त्यांनी पडद्यावर दाखवलं. दादाच्या खांद्यांवर नायकाचा चेहरा बसला होता. काम उत्तम होतं. कानामागची सावलीसुद्धा जुळवली होती.

"बाई, तो माझा भाऊ होता."

बाईंनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "मूळ फ्रेम आहेत अजून. तासाभराचं काम. तुम्ही फक्त लिहून द्या की हा दोष नाही, आणि खाली सही करा. बाकीचं मी बघते."

भिंगवाल्यांनी पेनचं टोपण काढलं. कागदाकडे पाहताना त्यांना आपल्याच जुन्या याद्या दिसू लागल्या. घोड्यावरून पडलेला एक. नावेतून उडी मारणारा एक. जळत्या घरातून धावत सुटलेली नायिका, जिला बारीक मिशी होती. प्रत्येकापुढे तीच ओळ, त्याच अक्षरात: चेहरा वेगळा, बदलावा. असे किती, हे त्यांनी मोजलं नव्हतं. त्यांची माणसं कुठल्या खोल्यांत, कुठल्या टीव्हीसमोर बसून शोधत असतील, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. उलट एक डाग कमी झाला म्हणून त्यांना बरंच वाटे.

त्यांनी टोपण परत लावलं. "दोष आहे, बाई. नियमाने दोषच आहे."

"काका, एका सहीचा प्रश्न आहे."

"बाकीच्यांच्या वेळी सही मागायला कुणी आलं नव्हतं."

मग त्यांनी पिशवीतून तपासणी प्रत काढून टेबलावर ठेवली. तपासणी प्रत परत आली की तपासनिसासमक्ष तिचे दोन तुकडे करायचे, असा कंपनीचा नियम होता. बाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. भिंगवाल्यांनी होकाराची मान हलवली. मोडताना फार मोठा आवाज झाला नाही.

घरी आल्यावर त्यांनी वहिनींना सांगितलं की चेहरा बदलला आहे, प्रतही मोडली आहे, आणि दोन्ही आपल्यामुळे. यादीत नेमकं काय लिहिलं होतं ते मात्र सांगवेना.

"परत लावता आलं असतं का?" वहिनींनी विचारलं.

"आलं असतं."

"मग?"

"वहिनी, आजवर मी कितीतरी लोकांचे चेहरे असेच..."

"त्या लोकांच्या बायका या घरात राहत नाहीत, भाऊजी."

एवढंच झालं. चहा वेळेवर येत राहिला, पण हातात न येता टेबलावर येऊ लागला. शनिवारचे आवाज बंद पडले. तिसऱ्यांदा पाहण्याचं काम भिंगवाले आता कार्यालयातच उरकत. शिंपीकाका मशीन चालवता चालवता छताकडे पाहत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "मारामारी थांबलीय. म्हणजे भांडण झालं असणार."

भिंगवाले निवृत्त झाले. काही महिन्यांनी सहाही भागांची ती पेटी दुकानांत आली. शिंपीकाकांच्या जावयाने त्यांना ती भेट दिली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, भाजीची पिशवी घेऊन जिना चढणाऱ्या भिंगवाल्यांना काकांनी वरच्या दारापाशी गाठलं.

"अहो, काय चित्र आहे! एक डाग सापडेल तर शपथ. पण तो दुसरा भाग... मी तीनदा लावला. आपला दादा कुठे गेला? तिथे तर तो नायकच पडतोय. कंपनीवाल्यांनी काहीतरी घोळ घातलेला दिसतो. तुम्ही तक्रार करा, तुमचं ऐकतील ते."

दार अर्धवट उघडं होतं. आत केर काढण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. काका उत्तराची वाट पाहत उभे होते, आणि "हो, कंपनीचाच घोळ" एवढं म्हटलं असतं तरी त्यांचं समाधान झालं असतं. भिंगवाल्यांनी पिशवी पायरीवर ठेवली.

"कंपनीचा काही घोळ नाही. मीच काढायला लावला. दादा हसत होता, आणि मी लिहिलं, गाल सुजलाय."