संध्याकाळी सातची पहाट

परवा भाचीने टीव्हीला जोडलेल्या तिच्या काँप्युटरवर मला जादू दाखवली. यंत्र आकडेमोडीत गढलेलं असतं; आतलं घड्याळ ठरल्या क्षणी त्याला थांबवतं, पडद्याचा रंग बदलून घेतं आणि म्हणतं, चालू दे तुझं! मी खुर्चीतून उडालोच. "अगं, हे मी तंजावरात केलंय! कॉलेजात असताना! गजराच्या घड्याळावर!"

त्या नवरात्रात आईने अक्काला बजावलं होतं, "यंदा कोलूपुढे गायलीस तर गाण्याची शिकवणी चालू, नाहीतर बंद." कोलू म्हणजे आमच्याकडची बाहुल्यांची आरास. ती पाहायला आलेल्या बायकांना सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ द्यायची, आणि कुणीतरी गायचंच. लाजाळू अक्काला धीराने म्हणता येईल असं एकच गाणं होतं, आणि तेही भूपाळम रागातलं. पहाटेचं!

"तिन्हीसांजेला भूपाळम? अख्खी गल्ली हसेल," अक्का रडकुंडीला आली.

"मग मी पहाट करतो!"

बाहुल्यांमागे अप्पांची पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, ताणली. तिच्यामागे दिवा, दिव्यापुढे निळ्या, गुलाबी, केशरी जिलेटिनची लोंबती पट्टी. गजर वाजताना घड्याळामागची किल्ली आपोआप उलटी फिरते ना? पट्टीचा दोरा तिलाच बांधला, म्हणजे गजराबरोबर पट्टी वर चढणार. घंटेत कापूस कोंबला. गजर सातचा, अक्काची गायची पाळी तेव्हाच होती.

पण सातला शेजारची मामी गात होती, आणि थांबेचना. किर्र! आकाश गुलाबी, मग केशरी. मामीला वाटलं, देवी प्रसन्न झाली. तिने पल्लवी, म्हणजे गाण्याचं ध्रुवपद, पुन्हा धरली!

अक्काचा चेहरा उतरला. मी वेष्टीमागे रांगत जाऊन किल्ली भरू लागलो. दोरा सुटला, पट्टी खाली घसरली, आणि सगळ्यांदेखत केशरीचं गुलाबी, गुलाबीचं निळं झालं.

"उजाडून परत रात्र?" झोपाळ्यावरून अप्पा ओरडले. "सूर्य काय काफी प्यायला घरी गेला रे?"

हशा उसळला. मामीचंही गाणं त्यात एकदाचं बुडालं. अक्का तोंडावर हात दाबून खदखदत होती, आणि हसता हसताच तिने सूर लावला. भूपाळम!

मी दोरा पुन्हा किल्लीला बांधला आणि गजराचा काटा झटकन चालू वेळेवर आणला. किर्र! सगळ्या नजरा आकाशावर. केशरी रंग स्थिरावला तशा त्या अक्काकडे वळल्या, पण तिचे डोळे मिटलेले होते. तिला पत्ताच नव्हता. ती गातच राहिली.

गाणं संपलं तेव्हा आई मांडीवर ताल धरून होती.

"दिवा विझव रे, वेष्टी करपेल," ती मला म्हणाली. मग अक्काकडे न बघताच, "आणि तू गं, दसरा झाला की शिकवणीला वेळेवर जा."